‘द क्रुसिबल’ पहिल्यांदा शिकवताय? सेलमच्या खटल्यांचं नाटक वर्गात नेण्यापूर्वी

अमेरिकेत हायस्कूलला इंग्रजी शिकवायला लागलात की आज ना उद्या आर्थर मिलरचं हे नाटक तुमच्या वाट्याला येणारच. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, त्यांवर ते बेतलेलं आहे. बहुतेक ठिकाणी ते दहावी-अकरावीला असतं. माझ्या पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये विभागप्रमुखांनी तीस प्रतींची चळत टेबलावर ठेवली आणि पाच आठवडे दिले. मी धुळ्यात शिकलेली. सेलम नकाशावर कुठे आहे हेही मला नीट माहीत नव्हतं. मी रात्र रात्र वाचलं, शब्दार्थ दिले, अंकांचे सारांश दिले, चाचणी घेतली. शेवटच्या दिवशी एका मुलानं सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, “तेव्हाचे लोक फार मूर्ख होते.” वर्गानं माना डोलावल्या आणि मला कळलं की पाच आठवडे वाया गेले.

मुलांनी हे वाक्य म्हणत वर्गाबाहेर पडू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. पुण्या-मुंबईत आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत हे नाटक घेणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

१. आधी स्वतः दोनदा वाचा, आणि प्रती जुळताहेत का पाहा

पहिलं वाचन सलग करा, पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्या वाचनात फक्त एक गोष्ट टिपा: कोण कुणाचं नाव घेतं आणि त्या आधीच्या क्षणी त्याला कशाची भीती दाखवली गेली. ही यादी पुढे तुमचा सगळ्यात मोठा आधार होते.

काही आवृत्त्यांत दुसऱ्या अंकाचा एक जादा प्रवेश असतो. त्यात आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी ॲबिगेल आणि तिचा पूर्वीचा मालक, शेतकरी जॉन प्रॉक्टर, रात्री जंगलात भेटतात. मिलरनं तो नंतर लिहिला आणि तो बहुधा परिशिष्टात छापतात. अर्ध्या वर्गाकडे तो आहे आणि अर्ध्याकडे नाही, असं झालं की पानांचे क्रमांक जुळत नाहीत आणि दहा मिनिटं गोंधळात जातात. इंटरनेटवर फिरणाऱ्या फुकट प्रतींवर विसंबू नका. नाटक अजून कॉपीराइटखाली आहे, शिवाय त्या प्रतींत ओळी गाळलेल्या असतात.

नावाचा अर्थ पहिल्याच दिवशी सांगा. क्रुसिबल म्हणजे सोनाराची मूस. मुलांना हा शब्द माहीत नसतो. मी लहानपणी सराफ बाजारात मूस पाहिलेली होती, त्यामुळे तिच्यात सोनं कसं वितळतं आणि मळ कसा वर येतो हे मला डोळ्यांसमोर उभं करता आलं. तुम्हालाही ते येईल.

२. काय काय जमवून ठेवायचं

- नाटकाच्या एकसारख्या प्रती, शक्यतो दोन-तीन जादा.
- पात्रांचा भिंतीवर लावायचा मोठा तक्ता. घराण्यांप्रमाणे करा: पॅरिस, पुटनम, प्रॉक्टर, नर्स, कोरी. न्यायालयाची माणसं वेगळ्या रंगात.
- सेलम गावाचा १६९२ चा नकाशा. कुणाची जमीन कुणाला लागून होती हे त्यावर दिसतं.
- मूळ जबाबांच्या छापील प्रती. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खटल्यांची कागदपत्रं मोफत वाचता येतात. आरोपी सेरा गुडची १ मार्च १६९२ ची चौकशी घ्या, ती छोटी आहे आणि वाचायला सोपी.
- पालकांना पाठवायचं पत्र. नाटकात व्यभिचार आहे, धर्मावर कडक बोलणं आहे, फाशी आहे. पत्र आधी गेलं तर नंतर फोन येत नाहीत. मजकूर विभागप्रमुखांना दाखवून घ्या.
- वाचायला अडचण असणाऱ्या मुलांसाठी ध्वनिमुद्रण. आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेनं आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) असलेल्या मुलांची यादी पहिल्या आठवड्यातच मागून घ्या.

३. इतिहास आणि नाटक यांचे दोन वेगळे रकाने करा

फळ्यावर एक उभी रेघ ओढा आणि ती पाच आठवडे पुसू नका. डावीकडे नाटक, उजवीकडे १६९२. मुलं परीक्षेत हे दोन्ही हमखास मिसळतात.

नाटकातली ॲबिगेल सतरा वर्षांची आहे, प्रॉक्टर पस्तिशीच्या आसपासचा. प्रत्यक्षात ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा. त्यांच्या प्रेमप्रकरणाला कागदपत्रांत कसलाही आधार नाही, ती मिलरची रचना आहे. नाटकात न्यायाधीश डॅनफोर्थ सांगतो की चारशेच्या घरात लोक तुरुंगात आहेत. इतिहासात हा आकडा दीडशे ते दोनशेच्या दरम्यान आहे. नाटकातली सेरा गुड कबुली देऊन वाचते, पण खरी सेरा गुड शेवटपर्यंत नाही म्हणत राहिली आणि १९ जुलैला फासावर गेली.

उजव्या रकान्यात एवढं पक्कं हवं: १९ जणांना फाशी, त्यांत १४ स्त्रिया आणि ५ पुरुष. जाइल्स कोरीनं ‘गुन्हा कबूल आहे की नाही’ या प्रश्नाला रीतसर उत्तर द्यायचं नाकारलं, म्हणून १९ सप्टेंबरला त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. निदान पाच जण तुरुंगात मेले. कुणालाही जाळलं नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, कारण वर्गातल्या अर्ध्या मुलांची ठाम समजूत असते की चेटकिणींना जाळलं.

एखादा हुशार विद्यार्थी अरगटाचा मुद्दा काढेलच. राय धान्यावर येणाऱ्या या बुरशीमुळे मुलींना भास झाले, असा तर्क १९७६ मध्ये मांडला गेला आणि त्याच वर्षी इतर संशोधकांनी तो खोडलाही. दोन मिनिटांत सांगून पुढे जा. त्यावर पूर्ण तास गेला तर मुलांना हवी असलेली पळवाट मिळते: दोष बुरशीचा, माणसांचा नाही.

४. मॅकार्थी कधी सांगायचा

नाटक लिहिलं गेलं तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकून काढायची मोहीम चालू होती आणि जोसेफ मॅकार्थी हा तिचा चेहरा होता. बहुतेक जण सुरुवातीलाच शीतयुद्धावर तासभर बोलतात. मीही बोलायचे. आता मी मॅकार्थी तिसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत काढतच नाही. मुलांना आधी सेलममध्ये राहू द्या. तिसऱ्या अंकात जाइल्स कोरीला न्यायाधीश माहिती देणाऱ्याचं नाव विचारतात आणि तो देत नाही, कारण पूर्वी एकदा सहज बायकोबद्दल बोलून गेला होता आणि त्याची किंमत ती आता मोजते आहे. पुस्तक तिथे मिटायला सांगा आणि १९५२ मध्ये चला. एप्रिलमध्ये दिग्दर्शक एलिया कझान, मिलरचा जवळचा मित्र, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतो. मिलर त्याच सुमारास सेलमला जाऊन जुने खटले वाचतो. नाटक २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर येतं. आता जाइल्सचं मौन मुलांना वेगळंच ऐकू येतं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: जोसेफ मॅकार्थी सिनेटर होता, तर मिलर आणि कझान यांना बोलावणारी समिती प्रतिनिधीगृहाची होती. पाठ्यपुस्तकांच्या सारांशांतसुद्धा हे दोन्ही एकच असल्यासारखे लिहिलेले असतात. दुसरा खड्डा कालक्रमाचा. मुलं लिहितात की समितीनं मिलरला बोलावलं म्हणून त्यानं नाटक लिहिलं. उलट आहे. नाटक आधी आलं आणि मिलर समितीपुढे उभा राहिला जून १९५६ मध्ये. त्याला इतरांची नावं विचारली, त्यानं ती दिली नाहीत. १९५७ मध्ये तो संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, १९५८ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला. प्रॉक्टरच्या तोंडी घातलेला नकार मिलरला तीन वर्षांनी स्वतःच्या तोंडानं द्यावा लागला. हे ऐकल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो. त्या शांततेत लगेच बोलू नका.

५. पहिला अंक: घाई करू नका

पहिला अंक सगळ्यात अवघड आहे. एका खोलीत माणसं येत-जात राहतात आणि मध्येच मिलरचं लांबलचक निवेदन सुरू होतं. ती निवेदनं मोठ्यानं वाचू नका. घरी वाचायला द्या, किंवा दोन-दोन मुलांना एकेक पात्र वाटून द्या.

लक्ष जमिनीवर ठेवा. पुटनमचं नर्स घराण्याशी जमिनीवरून वैर आहे, प्रॉक्टरशी लाकडावरून भांडण आहे. पुटनमच्या बायकोची सात बाळं गेली आहेत. त्यांतल्या तीन बाळंतपणांत सुईण होती गुडी ऑस्बर्न. आपल्याकडच्या कुणालाही हे उलगडून सांगावं लागत नाही. बांधाचं भांडण, दगावलेली मुलं आणि एकट्या म्हातारीवर गेलेला संशय आपण ऐकत मोठे झालो आहोत. माझे वडील अक्कलकुव्याकडे शाळेवर मास्तर होते. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवतात, मारतात, गावाबाहेर काढतात, हे मी शाळकरी वयातच ऐकलं होतं.

ही गोष्ट मी वर्गात सांगते, पण जपून. सुरुवातीला नुसती डाकिणीची गोष्ट सांगितली, तेव्हा मुलांनी ती ‘दूर देशातलं मागासलेपण’ या खणात टाकून दिली. आता मी त्यासोबत २०१३ सालचा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सांगते, आणि तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, हेही. मग मुलं दुसरे प्रश्न विचारतात. कायदा कुणाला नको होता? का नको होता?

अंकाच्या शेवटी पाद्री पॅरिसच्या घरची गुलाम टिट्युबा हिच्या कबुलीवर एक पूर्ण तास द्या. मुलांना पेन्सिलीनं खूण करायला सांगा: सेरा गुड आणि ऑस्बर्न ही नावं सगळ्यात आधी कुणाच्या तोंडून येतात? बहुतेकांना वाटतं, टिट्युबाच्या. पान मागे उलटल्यावर सापडतं की पुटनमनं ती प्रश्नातून तिला पुरवलेली आहेत. तिला आधी चाबकाची आणि फाशीची धमकी मिळते, मग नावं सुचवली जातात, मग ती तीच नावं परत देते. या एका पानावर पुढच्या तिन्ही अंकांची चावी आहे.

६. भूमिका वाटताना

नाटक मोठ्यानं वाचायचंच, पण टिट्युबाची भूमिका कुठल्याही कृष्णवर्णीय मुलीला ‘तू घे’ म्हणून देऊ नका. ती गुलाम आहे आणि तिची भाषा मिलरनं तोडकी लिहिली आहे. तो उच्चार कुणालाही नकलेसारखा करू देऊ नका. मी स्वतः तिच्या ओळी साध्या आवाजात वाचते. अमेरिकेत नव्यानं आलेल्या आपल्या शिक्षकांच्या हे पटकन लक्षात येत नाही, आणि चूक झाली तर ती एखाद्या मुलीला वर्षभर सलत राहते. मूळ कागदपत्रांत टिट्युबाचा उल्लेख ‘इंडियन’ असा येतो, म्हणजे मूळनिवासी. उजव्या रकान्यात तेही लिहा.

ॲबिगेलबद्दलही तसंच. मुलं तिला लगेच खलनायिका ठरवतात. त्यांना विचारा: अनाथ मुलगी, मोलकरीण, सतरा वर्षांची. मालक लग्न झालेला, वयानं जवळपास दुप्पट. जबाबदारी कुणाची किती? ती निर्दोष ठरत नाही, तिच्यामुळे माणसं मरतात. पण प्रॉक्टरही धुतल्या तांदळासारखा उरत नाही, आणि चर्चा तिथवर गेलीच पाहिजे.

भाषेचं मात्र फार दडपण घेऊ नका. ‘गुडी’ हे नाव नसून विवाहित बाईला लावायचं संबोधन आहे आणि ‘पॉपेट’ म्हणजे बाहुली. अशा वीसेक शब्दांची चिठ्ठी द्या. दुहेरी नकार आणि जुनी क्रियापदं दोन दिवसांत कानाला सवयीची होतात.

७. ‘चेटकीण ओळखा’ हा खेळ खेळू नका

शिक्षकांमध्ये एक खेळ फार लोकप्रिय आहे. प्रत्येक मुलाच्या कानात ‘तू चेटकीण’ किंवा ‘तू साधा माणूस’ असं सांगायचं आणि चेटकिणींना वगळून गट करायला लावायचे. शेवटी उघड करायचं की चेटकीण कुणीच नव्हतं. मीही तो खेळले. वर्गात एक अबोल मुलगी होती, नव्यानं शाळेत आलेली. एकाही गटानं तिला घेतलं नाही. ‘कुणीच चेटकीण नव्हतं’ असं मी सांगितलं तेव्हा सगळे हसले, ती हसली नाही. तिला आधीपासून कुणी घेत नव्हतंच, माझ्या खेळानं त्याला परवानगी दिली. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

त्याऐवजी पात्रांची कार्डं करा. प्रत्येक कार्डावर नाटकातल्या गावात शोभेल असा एक माणूस: विधवा, तिच्याकडे दहा एकर जमीन; सुतार, चर्चमध्ये फारसा जात नाही; मोलकरीण, मालकिणीचा मार खाते. मुलांनी कार्डावरच्या माणसाच्या वतीनं ठरवायचं: आरोप करणार, गप्प राहणार की एखाद्याच्या बाजूनं सही करणार? कारण लिहून द्यायचं. खऱ्या मुलाकडे कुणाचंही बोट जात नाही, आणि शिकायचं ते शिकून होतं.

८. कबुलीचं गणित

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुसऱ्या अंकात प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन न्यायालयातून घरी येते आणि सांगते की ऑस्बर्नला फाशी होणार, सेरा गुडला नाही, कारण तिनं कबुली दिली. मुलांना हे उलटं वाटतं, वाटलंच पाहिजे. फळ्यावर दोनच ओळी लिहा: कबूल केलं तर जगणार. नाकारलं तर फाशी. मग विचारा, निरपराध माणसानं काय करावं? बहुतेक जण प्रामाणिकपणे सांगतात, “मी कबूल केलं असतं.” हे उत्तर हिणवू नका. पहिल्या वर्षी ‘मूर्ख’ म्हणणारा मुलगा असाच विचार करायला बसला असता, तर तो शब्द त्याच्या तोंडी आला नसता.

इतिहासही हेच दाखवतो: सेलममध्ये कबुलीवर टिकून राहिलेल्या कुणालाही फाशी झाली नाही. पण कबुली एकटी पुरत नसे, सोबत आणखी नावं लागत. म्हणून यादी वाढत गेली. नाटकातले आकडे मुलांकडून गोळा करवा: दुसऱ्या अंकात चौदा, थोड्याच वेळात एकोणचाळीस, तिसऱ्या अंकात चारशेच्या जवळ कैदेत आणि बहात्तर जणांना फाशीची शिक्षा.

तिसऱ्या अंकात डॅनफोर्थचा युक्तिवाद मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा. तो म्हणतो, चेटूक हा अदृश्य गुन्हा आहे. साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिचा बळी. चेटकीण स्वतःवर आरोप करणार नाही, म्हणून बळीवर विश्वास ठेवायचा. वकिलाचं काम काय? ऐकायला हे चोख वाटतं. फट कुठे आहे ती मुलांना शोधू द्या, तुम्ही दाखवू नका. माझ्या वर्गाला एकदा पस्तीस मिनिटं लागली. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “पण ते बळी आहेत हे आधीच कुणी ठरवलं?”

मग आरोपी रिबेका नर्सचा नवरा फ्रान्सिस याचा अर्ज घ्या. नाटकात एक्याण्णव जण आरोपी बायकांच्या चांगुलपणाची ग्वाही देत सह्या करतात, आणि डॅनफोर्थ त्या सगळ्यांनाच चौकशीसाठी पकडून आणायला सांगतो. उजव्या रकान्यात लिहा: रिबेका नर्ससाठी खरोखर ३९ जणांनी सही केली होती. ज्यूरीनं आधी तिला निर्दोष ठरवलं होतं, न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला. मुलांपुढे कोरा कागद फिरवा आणि विचारा, शेजारणीसाठी अशी सही कराल का? सही घेऊ नका, फक्त कागद फिरू द्या.

चौथ्या अंकाला निदान चार तास ठेवा. डॅनफोर्थ फाशी पुढे ढकलत नाही, कारण त्याच गुन्ह्यासाठी बारा जणांना आधीच लटकवलं आहे आणि आता थांबलं तर त्या बारांचं काय? चूक उमगल्यावरही माणसं मागे का फिरत नाहीत, याचं इतकं स्पष्ट कारण मला दुसऱ्या नाटकात सापडलेलं नाही. मग प्रॉक्टर. तो तोंडानं कबुली देतो, इतरांची नावं देत नाही, शेवटी सही करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार म्हणून लगेच परत घेतो. तो ‘नाव’ हा शब्द वापरतो ती ओळ तीन मुलांकडून तीन प्रकारे वाचून घ्या: रागानं, थकून, अगदी हळू. अर्थ सांगायची गरज पडत नाही.

९. सिनेमा

१९९६ चा चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे आणि पटकथा स्वतः मिलरची आहे. तो वाचन संपल्यावरच दाखवा, आणि तोही तुकड्यांत. नाटकात जंगलातला नाच फक्त बोलण्यातून कळतो, चित्रपट तिथूनच सुरू होतो. मुलींनी खरंच काय केलं ही शंका त्यामुळे उरत नाही. सुरुवातीचा प्रसंग आधी स्वतः पाहा आणि शाळेच्या नियमात बसतो का ठरवा.

१०. लेखी काम

‘प्रॉक्टर नायक आहे का?’ हा प्रश्न देऊ नका. त्याची तयार उत्तरं इंटरनेटवर ढिगानं आहेत. मी असा देते: नाटकात सही करणारा किंवा सही नाकारणारा कोणताही एक माणूस निवडा आणि त्या क्षणी त्याच्यापुढे कोणकोणते रस्ते होते ते मजकुराच्या आधारानं दाखवा. वर्गातच लिहायचं, पुस्तक उघडं ठेवून. चेटकाचा तपास करायला बोलावलेला पाद्री हेल निवडणाऱ्या मुलांचे निबंध दरवर्षी सगळ्यात चांगले येतात, कारण त्यानं आधी मृत्युदंडाच्या हुकमांवर सह्या केल्या आणि नंतर तोच कैद्यांना ‘खोटं बोला, पण जगा’ म्हणून विनवतो.

११. शेवटचा तास

शेवटच्या तासाला नाटक बाजूला ठेवा आणि फक्त उजवा रकाना पूर्ण करा. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्सनं या खटल्यांसाठी नेमलेलं खास न्यायालय बंद केलं. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअलनं चर्चमध्ये उभं राहून दोष स्वतःकडे घेतला. १७०६ मध्ये आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पुटनमनं माफी मागितली. १७११ मध्ये काही कुटुंबांना भरपाई मिळाली.

मग एलिझाबेथ जॉन्सन. तिनं कबुली दिली होती, तिला मृत्युदंड झाला होता, तो अमलात आला नाही. पुढे एकेकाची नावं कलंकमुक्त होत गेली, तिचं राहून गेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर कागदपत्रं तपासली, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ मध्ये तिचं नाव अधिकृतपणे निर्दोष झालं. ही बातमी छापून न्या आणि वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला मोठ्यानं वाचायला द्या, अर्थात त्याला आधी एकट्याला विचारून. तासाची वीस मिनिटं मोकळी ठेवा. बातमी संपली की मुलं विचारतात, “आणखी कुणाचं राहिलंय का?” तेव्हा त्यांना ते मूळ जबाब उघडून द्यायला हाताशी ठेवा.